गेलेल्या माणसाचा नवीन अल्बम येतो कसा? जॅझमधल्या हरवलेल्या आणि सापडलेल्या सोलोंबद्दल

२०२३ च्या जुलैत अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचा नवीन अल्बम आला तेव्हा माझ्या भाच्याचा मेसेज आला, मामा हा माणूस तर १९६७ लाच गेलाय ना, मग नवीन अल्बम कसला, एआयने बनवलाय का? मी म्हटलं नाही रे बाबा, खरंच त्यानेच वाजवलंय. १९६१ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या व्हिलेज गेट नावाच्या क्लबात नवीन साउंड सिस्टीम बसवली होती, ती कशी चालते बघायला तिथल्या इंजिनिअरने वर एकच माइक टांगून टेप चालू केली, आणि ती टेप पुढे फिरत फिरत न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत जाऊन पडली. सापडली तीसुद्धा कोणीतरी बॉब डिलनचं काहीतरी शोधत होतं म्हणून.

त्यावर त्याचा पुढचा प्रश्न आला. एवढ्या मोठ्या माणसाची टेप साठ वर्षं पडून कशी राहते, आणि मग जे एवढे मोठे नव्हते त्यांचं काय झालं असेल?

हा दुसरा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. फोनवर तासभर बोललो तरी पूर्ण झालं नाही म्हणून इथे सविस्तर लिहितोय. जॅझ कधी ऐकलंच नसेल तरी चालेल, आपण पहिल्यापासून सुरुवात करू.

सोलो म्हणजे नक्की काय?

आपल्याकडच्या मैफलीवरून बघा. तबल्यावर ठेका चालू आहे, तो गोल फिरतोय, गायक बंदिश मांडतो आणि मग त्या आवर्तनांवर त्याची उपज सुरू होते, फिरून फिरून समेवर येतो. जॅझमध्ये ढाचा बराचसा असाच आहे. फरक इतकाच की तिथे जे गोल फिरतं ते नुसता ताल नसून कॉर्डची मालिका असते (कॉर्ड म्हणजे गिटारवर एकदम छेडलेले तीन-चार सूर). बहुतेक गाण्यांत ही मालिका ३२ मात्रागटांची असते, ब्लूजमध्ये १२ ची. आधी सगळे मिळून मूळ चाल वाजवतात, मग ती मालिका पुन्हा पुन्हा फिरत राहते आणि एकेक वादक पुढे येऊन तिच्यावर त्या क्षणी सुचेल ते वाजवतो. तो सोलो. जॅझवाले एका पूर्ण फेरीला कोरस म्हणतात, मी इथे आपलं आवर्तनच म्हणतो.

आता मुद्दा हा की हा सोलो कागदावर नसतो. वाजवण्याआधी तो कुठेच नव्हता आणि वाजवून झाल्यावर हवेत विरला. बीथोवेनची सिंफनी कागदावर आहे, उद्या दुसरा कोणीही वाजवेल. बंदिशसुद्धा गुरूकडून शिष्याकडे जाते. पण मंगळवारी रात्री अमुक क्लबात अमुक माणसाने जे वाजवलं ते एक तर कोणीतरी मुद्रित केलं किंवा गेलं. म्हणून जॅझच्या माणसांचा वारसा म्हणजे जवळजवळ पूर्णपणे त्यांचं रेकॉर्डिंग. आणि ते कोणाचं झालं, किती मिनिटं झालं, कुठल्या कपाटात राहिलं हे ठरवणाऱ्या गोष्टी संगीताबाहेरच्याच होत्या.

ज्याचा एकही सूर उरला नाही तो

न्यू ऑर्लिन्समध्ये बडी बोल्डन नावाचा कॉर्नेट वाजवणारा होता (कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचा आखूड भाऊ). जॅझचा पहिला मोठा माणूस म्हणून सगळे त्याचंच नाव घेतात, त्याचा आवाज केवढा दूरवर जायचा याच्या गोष्टी पुढच्या पिढीने सांगितल्या. १९०७ ला मानसिक आजारामुळे त्याला इस्पितळात ठेवलं आणि १९३१ साली तो तिथेच गेला. त्याचा बँडबरोबरचा एक फोटो आहे. आवाज नाही. मेणाच्या नळीवर एक रेकॉर्डिंग केलं होतं असं लोक म्हणत आले, पण कोणाला ते मिळालेलं नाही.

आपल्याला हे दुखणं नवीन नाही. भास्करबुवा बखले १९२२ ला गेले, बालगंधर्वांचे गुरू, मास्टर कृष्णरावांचे गुरू, आणि त्यांची एक तबकडी आपल्याकडे नाही. बुवा कसे गायचे हे आपण शिष्यांच्या गाण्यातून आणि आठवणींतून अंदाजाने बांधतो. बोल्डनचं तसंच आहे.

फ्रेडी केपार्ड नावाचा त्याच्या नंतरचा कॉर्नेटवाला, त्याच्याबद्दल सांगतात की लोकांनी आपली बोटं बघून चोरू नये म्हणून तो हातावर रुमाल टाकून वाजवायचा, आणि रेकॉर्ड करायची संधी आली तेव्हा आपलं वाजवणं सगळ्यांच्या हाती पडेल म्हणून नको म्हणाला. खरं किती आणि तिखटमीठ किती कोण जाणे. पण झालं काय, तर जॅझची पहिली तबकडी म्हणून जी नोंद आहे ती २६ फेब्रुवारी १९१७ ची, व्हिक्टर कंपनीची, आणि वाजवणारा बँड सगळा गोऱ्यांचा, ओरिजिनल डिक्सिलँड जॅझ बँड. ज्या काळ्या वादकांनी हे संगीत उभं केलं त्यांच्यातल्या कितीतरी जणांना तोवर कुठल्या कंपनीने विचारलंसुद्धा नव्हतं.

तीन मिनिटांची खोली

१९४८ पर्यंत बाजारातल्या साध्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावायची. आपल्याकडच्या जुन्या ग्रामोफोन गायकांना हेच भोगावं लागलं, रात्रभर गाणाऱ्याने राग तीन मिनिटांत आटपायचा. आता जॅझचा हिशोब करा, मध्यम लयीत ३२ चं एक आवर्तन पाऊण-एक मिनिट घेतं. आधी मूळ चाल, शेवटी पुन्हा चाल, मध्ये उरलं एखादं आवर्तन, त्यात तीन सोलोवाले असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा-वीस सेकंद. क्लबात हीच माणसं एकेकटी दहा-दहा मिनिटं वाजवत होती. म्हणजे त्या काळातल्या कितीतरी वादकांची सगळी रेकॉर्डिंग बेरीज केली तरी त्यांच्या एका रात्रीएवढी भरणार नाहीत.

त्यात १९२५ च्या आधी माइक नव्हता. भिंतीतून एक मोठा कर्णा बाहेर आलेला असायचा, सगळ्यांनी त्याच्यासमोर उभं राहून वाजवायचं आणि आवाजाच्या धक्क्याने सुई मेणावर रेघ ओढायची. एप्रिल १९२३ मध्ये इंडियानातल्या रिचमंड गावी जेनेट कंपनीच्या स्टुडिओत किंग ऑलिव्हरचा बँड आला. स्टुडिओ रेल्वेलाइनला लागून, गाडी आली की काम बंद. ड्रम जोरात वाजला तर सुई उडायची म्हणून बेबी डॉड्ससारख्या ड्रमवाल्याला लाकडी ठोकळ्यांवर भागवावं लागलं. बँडमध्ये दुसरा कॉर्नेट वाजवणारा एक तरुण पोरगा होता, त्याचा आवाज एवढा जबरदस्त की उस्तादाचा झाकला जायला लागला, म्हणून त्याला दहा-पंधरा फूट मागे उभं केलं असं तिथे असलेल्यांनीच पुढे सांगितलंय. तो पोरगा लुई आर्मस्ट्राँग. त्याचा पहिला रेकॉर्ड झालेला सोलो याच कामात आहे, चाइम्स ब्लूज मध्ये. आज ती तबकडी ऐकताना कॉर्नेट लांबून आल्यासारखा वाटला तर त्यात त्याची चूक नाही, तो खरंच लांब होता.

पाचच वर्षांनी, २८ जून १९२८ ला, माइक आलेले आहेत आणि तोच आर्मस्ट्राँग वेस्ट एंड ब्लूज च्या सुरुवातीला एकटा, कोणाच्याही साथीशिवाय, पंधराएक सेकंद ट्रम्पेट वाजवतो. तेवढ्यात सगळं बदललेलं ऐकू येतं. मी ते शंभरदा तरी ऐकलं असेल आणि अजून दर वेळी मान वर होते.

मग ११ ऑक्टोबर १९३९, कोलमन हॉकिन्स, टेनर सॅक्सोफोन, गाणं बॉडी अँड सोल. हॉकिन्स मूळ चाल जेमतेम दाखवतो न दाखवतो आणि सोडून देतो, पूर्ण तबकडी म्हणजे त्याची दोन आवर्तनं, सगळी उपज. ती तबकडी लोकांनी धडाधड विकत घेतली. पण याच गाण्यावर तो समोर श्रोते असताना किती लांब जायचा? हे आपल्याला अलीकडे कळलं. बिल सॅव्हरी नावाचा एक रेकॉर्डिंग इंजिनिअर १९३५ पासून रेडिओवरचे कार्यक्रम मोठ्या तबकड्यांवर उतरवून घेत होता, सावकाश फिरणाऱ्या, म्हणजे जास्त मिनिटं मावणाऱ्या. हजाराच्या आसपास तबकड्या, आयुष्यभर त्याने जवळपास कोणाला ऐकवल्या नाहीत. तो २००४ ला गेला, २०१० मध्ये न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या जॅझ म्युझियमने त्या त्याच्या मुलाकडून घेतल्या, काहींवर बुरशी, काहींचा थर सुटलेला. त्यात १९४० चा हॉकिन्स आहे, हेच गाणं, बाजारातल्या तबकडीपेक्षा जवळजवळ दुप्पट लांब. आणि त्यात हर्शेल इव्हान्सही आहे, काउंट बेसीच्या बँडमधला टेनरवाला, जो १९३९ ला तिशी गाठायच्या आत गेला. बेसीच्या बँडबद्दल बोलताना लोक शेजारच्या खुर्चीवरच्या लेस्टर यंगचं नाव घेतात, इव्हान्सला विसरतात. मुळात त्याचं रेकॉर्डिंगच इतकं थोडं आहे की नवीन सापडलेलं एकेक मिनिट मोठं वाटतं.

संप, आणि एक चालू-बंद करायचं बटण

आता एक विचित्र गोष्ट. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला जॅझमध्ये मोठी उलथापालथ झाली, बीबॉप नावाची वेगवान, गुंतागुंतीची शैली जन्मली, चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी ही तिची दोन मुख्य माणसं. १९४३ ला दोघंही अर्ल हाइन्सच्या एकाच बँडमध्ये होते. त्या बँडची एकही कमर्शियल तबकडी नाही. का, तर १ ऑगस्ट १९४२ पासून वादकांच्या युनियनने रेकॉर्डिंग बंद ठेवलं होतं. युनियनचं म्हणणं असं की रेडिओवर आणि हॉटेलातल्या ज्यूकबॉक्समध्ये (नाणं टाकून गाणं लावायची पेटी) तबकड्या वाजतात आणि प्रत्यक्ष वाजवणाऱ्याचा रोजगार जातो, त्याचा वाटा द्या. काही कंपन्या १९४३ ला तयार झाल्या, मोठ्या दोन १९४४ च्या नोव्हेंबरपर्यंत अडून बसल्या. मागणी रास्तच होती असं मला वाटतं, पण त्यापायी एका संगीताचं बाळपण फोटोशिवाय गेलं.

जे थोडंफार आहे ते हौशी लोकांमुळे. १९४१ ला जेरी न्यूमन नावाचा कॉलेजचा पोरगा तबकडी कापायचं यंत्र (म्हणजे कोऱ्या तबकडीवर आवाज कोरणारं) उचलून हार्लेमच्या मिंटन्स क्लबात न्यायचा, त्याच्यामुळे चार्ली ख्रिश्चन हा गिटारवाला आपल्याला लांब वाजवताना ऐकायला मिळतो. ख्रिश्चन पुढच्याच वर्षी गेला, पंचविशीत.

आणि मग डीन बेनेडेट्टी. हा स्वतः सॅक्सोफोन वाजवायचा आणि पार्करच्या वाजवण्याने पार वेडा झालेला. मार्च १९४७ मध्ये लॉस एंजेलिसच्या हाय-डी-हो क्लबात पार्कर वाजवत होता, बेनेडेट्टी यंत्र घेऊन रोज हजर. तबकड्या महाग, पैसे थोडे, म्हणून त्याने एक नियम केला, पार्करचा सोलो सुरू झाला की यंत्र चालू, संपला की बंद. हा खजिना त्याच्या भावाकडे राहिला, १९९० मध्ये मोझॅक कंपनीने सात सीडींत काढला. ऐकताना अंगावर काटा येतो, पार्कर सुरू होतो, उडतो, आणि खट. पुढचा सोलो सुरू.

पण त्या खट च्या पलीकडे कोण होतं? बँड पार्करचा नव्हताच, हॉवर्ड मॅगीचा होता, ट्रम्पेटवर तो स्वतः आणि पियानोवर हॅम्प्टन हॉज. दोघंही त्याच स्टेजवर रोज रात्री सोलो घेत होते, आणि त्या खोलीत जे एक यंत्र होतं ते बरोब्बर त्यांच्या वेळी बंद केलेलं होतं. बेनेडेट्टीला मी दोष देत नाही, तो नसता तर पार्करसुद्धा नसता. पण नावाजलेला आणि कमी माहीत असलेला यातलं अंतर कसं रुंदावत जातं हे इतकं स्पष्ट दाखवणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

"पण जे थोर होते त्यांचंच रेकॉर्ड जास्त झालं ना?"

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि त्यात अर्धं तथ्य आहे. आर्मस्ट्राँग, पार्कर, कोल्ट्रेन हे थोर होतेच, ते कोणी नाकारत नाही. उलट बाजू तपासून बघायची.

टीना ब्रूक्स घ्या. नावावरून बाई वाटेल पण हा पुरुष, लहानपणी चणीने छोटा म्हणून पडलेलं टोपणनाव. टेनर सॅक्सोफोन. ब्लू नोट कंपनीने १९५८ ते १९६१ मध्ये त्याच्या नावाने चार अल्बम रेकॉर्ड केले. त्याच्या हयातीत बाजारात आला एक, ट्रू ब्लू, २५ जून १९६० ला वाजवलेला. दुसऱ्या एकाचं तर कव्हर तयार होतं, कॅटलॉगमध्ये नंबर पडला होता, तरी आला नाही. १९६१ नंतर त्याचं काहीच रेकॉर्ड झालं नाही आणि १९७४ ला ४२ व्या वर्षी तो गेला. १९८५ मध्ये मोझॅकने चारही अल्बम एकत्र काढले तेव्हा लोक विचारायला लागले की हा कोण, एवढा गोड आणि खोल वाजवणारा? वाजवलेलं तेच होतं, टेप तीच होती, पंचवीस वर्षं फडताळात होती एवढंच. तिथे काम करणाऱ्या कोणाला तो आवडत नव्हता असंही नाही, कंपनी विकेल तेवढं काढते आणि बाकीचं ठेवून देते, धंद्याचा हिशोब आहे तो.

हर्बी निकोल्स पियानोवर. १९५५-५६ मध्ये ब्लू नोटने त्याला फक्त बास आणि ड्रमच्या साथीने रेकॉर्ड केलं, त्याची फार इच्छा होती की आपल्या रचना ट्रम्पेट-सॅक्सोफोन घेऊन व्हाव्यात, ते कधीच झालं नाही. पोटासाठी बारमध्ये जुन्या धाटणीचं संगीत वाजवत राहिला, १९६३ ला ल्युकेमियाने गेला, वय ४४.

युटा हिप जर्मनीहून १९५५ ला न्यूयॉर्कला आली, १९५६ मध्ये ब्लू नोटसाठी तिचं पियानोवादन रेकॉर्ड झालं आणि मग तिने वाजवणंच सोडलं. पुढची पस्तीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम. क्लोरा ब्रायंट ट्रम्पेट वाजवायची, आयुष्य ९२ वर्षांचं, स्वतःच्या नावाचा अल्बम एक, १९५७ चा. तिने काय तेवढं एकदाच चांगलं वाजवलं?

चुकीच्या माइकसमोरची सहा मिनिटं

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. पॉल गोन्साल्विस. आडनाव वाचून आपल्याला लगेच म्हापसा-मडगाव आठवतं, पण हा अमेरिकेत जन्मलेला, आईवडील केप व्हर्ड बेटांवरचे, पोर्तुगीज तिकडेही होते त्यामुळे आडनाव तेच. ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये टेनर सॅक्सोफोन वाजवायचा.

७ जुलै १९५६, न्यूपोर्टचा जॅझ महोत्सव, उघड्यावरचा. एलिंग्टनच्या बँडचे दिवस उतरणीला लागले होते. एका जुन्या रचनेच्या दोन भागांना जोडायला मधे ब्लूजवर सोलो होता, ड्यूकने गोन्साल्विसला सांगितलेलं, वाटेल तेवढा वाजव. त्याने २७ आवर्तनं वाजवली. सहा मिनिटांच्या वर, श्वास घ्यायला थांबतोय कुठे कळत नाही, खाली लोक खुर्च्यांवर उभे राहिले, एक बाई नाचायला लागली, शेवटी शेवटी संयोजक घाबरले की आता लोक आवरतील का नाही. पुढच्या महिन्यात एलिंग्टनचं चित्र टाइम मासिकाच्या कव्हरवर.

आणि कोलंबिया कंपनीची टेप लावून बघतात तर सॅक्सोफोन कुठेतरी लांबून, पुसट. झालं असं की स्टेजवर दोन माइक होते, एक कोलंबियाचा, एक व्हॉइस ऑफ अमेरिका रेडिओचा, आणि गोन्साल्विस पूर्ण वेळ रेडिओच्या माइकसमोर वाजवत होता. कंपनीने काय केलं, कार्यक्रमातले बरेच भाग स्टुडिओत पुन्हा वाजवून घेतले, वर टाळ्या चिकटवल्या आणि न्यूपोर्टचा लाइव्ह अल्बम म्हणून विकला. एलिंग्टनचा सगळ्यात जास्त खपलेला अल्बम तो. चाळीस वर्षांनी रेडिओवाल्यांची टेप मिळाली. दोन्ही टेप वेगवेगळ्या माइकच्या, म्हणजे एक डावा कान आणि एक उजवा, त्या जुळवून १९९९ मध्ये त्या रात्रीचा खरा आवाज बाहेर आला आणि गोन्साल्विस पहिल्यांदा जवळ ऐकू आला. तो तर १९७४ मध्येच गेला होता, ड्यूकच्या आधी नऊ दिवस.

मोठ्या नावांनाही हे चुकत नाही बरं का. माइल्स डेव्हिसचा काइंड ऑफ ब्लू, १९५९ चा, जगातला बहुधा सगळ्यात जास्त ऐकला गेलेला जॅझ अल्बम. पहिल्या दिवशी मुख्य टेपमशीन किंचित हळू चाललं, त्यामुळे नेहमीच्या वेगाने लावली की पहिल्या बाजूची तीनही गाणी थोडी चढी ऐकू यायची. तीसेक वर्षं जगभरची पोरं त्या रेकॉर्डबरोबर रियाज करताना आपलंच वाद्य उतरलंय समजून पिळत बसली. १९९२ ला दुसऱ्या मशीनच्या टेपवरून दुरुस्त केलं.

"टाकून दिलेलं कशाला ऐकायचं?"

रेकॉर्डिंगच्या वेळी तेच गाणं अनेकदा वाजवतात, प्रत्येक वेळचं वाजवणं म्हणजे एक टेक, त्यातला एक निवडून छापतात. पुढे कंपन्या उरलेले टेक काढतात, आणि लोक वैतागतात की एकच गाणं पाच वेळा कशाला. फिल्मी गाण्याचा पाचवा टेक म्हणजे तीच गोष्ट पुन्हा, मान्य. पण इथे प्रत्येक टेकमधला सोलो वेगळा असतो. पार्करने २६ नोव्हेंबर १९४५ ला बिलीज बाउन्स पाच वेळा वाजवलं, सगळे ऐकले की कळतं, अमुक जागा त्याच्या बोटात बसलेली होती, तमुक जागा त्या क्षणाची होती. तयारी आणि उपज यातली सीमा इतकी उघडी दुसरीकडे कुठे दिसणार?

त्याच दिवशीचं को-को ऐका, त्याचा पहिला टेक अर्धवट आहे. सोलोच्या आधी बँड चेरोकी नावाच्या गाण्याची चाल वाजवायला लागतो आणि कोणीतरी थांबवतं. कारण सहसा असं सांगतात की चेरोकी वाजवलं तर त्याच्या संगीतकाराला पैसे द्यावे लागले असते. कायदा चाल आणि शब्द ओळखतो, कॉर्डची मालिका कोणाच्या मालकीची नसते. म्हणून मालिका चेरोकीची ठेवली, चाल गाळली, नवीन नाव दिलं.

यातूनच पैशाची गोष्ट समजते. हॉकिन्सच्या बॉडी अँड सोल मध्ये जवळजवळ सगळं संगीत हॉकिन्सने तिथल्या तिथे रचलंय, तरी कागदोपत्री रचना संगीतकाराची, सोलोवाला म्हणजे दिवसाचे पैसे घेणारा वादक. घर बांधलं गवंड्याने आणि सातबाऱ्यावर नाव ज्याची जमीन त्याचं. हे मला आजही पटत नाही.

आणि त्या माणसाला विचारल्याशिवाय छापायचं का? कोल्ट्रेनने स्वतः ती टेप काढा म्हटलं नव्हतं. माझं मत, छापावं, पण हे काय आहे ते ठळक लिहून छापावं, एक माइक होता तर एक माइक, अर्धवट असेल तर अर्धवट. चिकटवलेल्या टाळ्यांपेक्षा ते बरं.

आता सगळं मोफत होणार आहे का?

थोडंसं. अमेरिकेच्या २०१८ च्या कायद्याने जुन्या रेकॉर्डिंगचा कॉपीराइट हळूहळू संपत चाललाय, १ जानेवारी २०२४ ला १९२३ च्या तबकड्या मोकळ्या झाल्या (त्यात मागे उभा केलेला आर्मस्ट्राँगही आला), १ जानेवारी २०२६ ला १९२५ च्या. आपल्याकडे मुदत प्रसिद्धीनंतर ६० वर्षांची आहे. पण कायद्याने मोकळी होते ती तबकडी आधी अस्तित्वात तर हवी. जी कोणी छापली नाही, जिचा थर सोलून गेला, तिला कायदा काय करणार. शिवाय हक्क कोणाचे हेच गुंतलेलं असलं तर सापडलेली वस्तूसुद्धा अडकते, सॅव्हरीच्या तबकड्या २०१० ला मिळूनही लोकांना विकत ऐकायला मिळायला २०१६ उजाडलं. आणि यूट्यूबवर सगळं आहे म्हणणाऱ्यांनी एक करून बघावं, कुठल्याही जुन्या जॅझ गाण्याखाली वादकांची पूर्ण नावं आहेत का ते शोधावं.

आपल्या मुंबई-गोव्याचं काय?

हा भाग लिहिताना जरा जड वाटतं. मुंबईत १९३० च्या दशकापासून जॅझ जोरात होतं, ताजमहाल हॉटेलात अमेरिकेहून काळे वादक येऊन वाजवत, आणि त्यांच्याबरोबर, त्यांच्यानंतर वाजवणारे बहुतेक गोव्याचे. हळदोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, ट्रम्पेट असा वाजवायचा की त्याला भारताचा आर्मस्ट्राँग म्हणत. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी ह्या लोकांना हाताशी धरून हिंदी सिनेमात स्विंग (नाचायला लावणारं जॅझ) आणलं. १९५१ च्या अलबेलामध्ये चिक आणि त्याचा बँड पडद्यावर दिसतोसुद्धा. आज तुम्ही शोला जो भडके लावलंत तर ज्या मंडळींच्या जोरावर ते गाणं नाचतं त्यांचं रेकॉर्डिंग तुमच्यासमोर आहे, कोट्यवधी लोकांनी ऐकलेलं.

पण तबकडीवर नावं गायकाची आणि संगीतकाराची. ट्रम्पेटचा तो तुकडा कोणाचा, क्लॅरिनेट कोणाचं, काही नाही. न्यूयॉर्कच्या कमी माहीत असलेल्या वादकाचं निदान कव्हरच्या मागे नाव असतं, तारीख असते, आपल्याकडे उलटं झालंय, आवाज सगळ्यांना पाठ आणि माणूस बेपत्ता. चिक १९६७ मध्ये गेला, कोल्ट्रेन गेला त्याच वर्षी. क्लबात, जिमखान्यात, लग्नाच्या हॉलमध्ये हे लोक रात्र रात्र जे वाजवत होते त्यातलं फारच थोडं कोणी मुद्रित केलं असेल.

तरी काही घरांत असेल. धोबीतलावला, वांद्र्याला, सासष्टीत, बार्देशात, आजोबांच्या ट्रंकेत स्पूलची टेप, एखादी घरी कापलेली तबकडी. अशी मिळाली तर लगेच जुन्या मशीनवर लावून बघू नका, एकदाच वाजेल अशी अवस्था असू शकते, जाणकाराकडून कॉपी करून घ्या. ७८ ची तबकडी (मिनिटाला ७८ फेरे घेणारी, ती तीन मिनिटांची जुनी) एलपीच्या, म्हणजे नंतर आलेल्या लांब तबकडीच्या सुईने तर अजिबात वाजवू नका, तिची रेघ रुंद असते, सुई वेगळी लागते. डब्यावर, पाकिटावर जे खरडलंय त्याचा आधी फोटो काढा. आणि घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर टेपचं काम होईल तेव्हा होईल, त्यांना आजच संध्याकाळी जुना बँडचा फोटो दाखवून विचारा, ट्रम्पेट कोण, सॅक्सवर कोण, ड्रमच्या मागे अर्धा दिसतोय तो कोण, आणि फोटोच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवा.